दुनाळीची किल्ली

आमच्या व्याह्यांवर मी अकरा वर्षं रागावलेलो होतो. सलग. मध्ये एका दिवसाचीही सुट्टी नाही. माणसं रागावतात, चार महिने बोलत नाहीत, मग कुठल्यातरी लग्नात पंगतीला शेजारी बसतात आणि विषय मिटतो. आमचं तसं कधी झालं नाही. दुसऱ्याचं डोकं फिरवण्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा जगात असतील, तेवढ्या सगळ्या या एका माणसाला येत होत्या, आणि तेही आवाज न चढवता. आता मला सांगा, समोरचा आवाजच चढवत नसेल तर भांडायचं कसं? मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली. उसाचे ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या, सगळे माझ्या आवाजावर पुढे-मागे व्हायचे. निवृत्त झालो, राहात्यात घर बांधलं, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. तो आवाज पुणतांब्यात आमच्या व्याह्यांच्या ओट्यावर जाऊन गप्प व्हायचा. संताप येणार नाही तर काय होईल?

या माणसाला एकच वेड, बंदुकीचं. घरात वडिलांपासून चालत आलेली बारा बोअरची दुनाळी. परवाना शेतीसंरक्षणाचा. गोदावरीच्या काठाला मका, ऊस, गहू. रानडुकरं येतात, म्हणून सरकारनं परवाना दिलेला. पण डुकरांपुरती बंदूक ठेवणारा माणूस वेगळा आणि हे वेगळे. लेकीची सोयरीक ठरवायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा माणसं मानपानाचं बोलत होती आणि हे माझ्या कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत स्वतःच्या वितीनं माप घेत होते. "पाव्हनं, तुमचा हात आखूड हाय. तुमाला दस्ता अर्धा इंच तासून घ्यावा लागंल," म्हणाले. मी मुलगी द्यायला आलोय की बंदूक घ्यायला? तरी म्हटलं, नवी सोयरीक आहे, तोंड गोड ठेवावं. म्हणून मीच म्हणालो, "दाखवा तरी तुमची बंदूक."

तिथं फसलो. बंदूक बघायची म्हणजे त्या घरची एक रीत होती. पाहुण्याला ओट्यावर बसवायचं. व्याही समोर पोत्यावर बसून पाऊण तास फडकं, तेल आणि गज घेऊन नळ्या पुसणार. या पाऊण तासात ते एक अक्षर बोलणार नाहीत. मग चहा येणार, बिनसाखरेचा. मुद्दाम. तो पिऊन जो माणूस शांत राहील, किंवा हळूच "थोडी साखर मिळंल का?" असं विचारील, त्याच्या हातात बंदूक. मी अर्ध्या तासाला घड्याळ बघितलं, चाळीस मिनिटांनी खाकरलो आणि चहाचा पहिला घोट घेऊन ओरडलो, "अहो, साखर संपली का तुमच्याकडं? कारखान्यातून पोतं धाडू का?" व्याह्यांनी शांतपणे बंदूक फडक्यात गुंडाळली. "तुमाला न्हाई जमायचं, पाव्हनं. पुढच्या टायमाला बघू."

हा पुढचा टाइम अकरा वर्षं आला नाही. दर खेपेला मी ठरवून जायचो की आज तोंड उघडायचं नाही, आणि दर खेपेला ते पोत्यावर बसून असं काही रमतगमत तेल लावायचे की माझ्या कानशिलाच्या शिरा तटतटायला लागायच्या. माझी बायको तर गाडीत बसतानाच म्हणायची, "आज किती मिनिटं टिकणार तुम्ही?"

बरं, हा कायदा फक्त पाहुण्यांना असता तर मी म्हटलं असतं, माणूस शिष्ट आहे. तसंही नाही. बंदुकीच्या लोखंडी पेटीची किल्ली विहीणबाईंच्या कमरेला. दिवसभरात व्याह्यांचा कुणाशी खटका उडाला असेल तर त्या दिवशी किल्ली मिळणार नाही, हा नवरा-बायकोनं मिळून केलेला नियम. एकदा नगरच्या रायफल क्लबात नेमबाजीची स्पर्धा होती. व्याही महिनाभर त्या दिवसाची वाट बघत होते. सकाळीच लाईनमन आला, डीपीवरून काहीतरी शब्दाला शब्द वाढला आणि व्याही त्याला "गाढवा" म्हणाले. एवढंच. विहीणबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. व्याही आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून हात पुढे करून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "गाढव कोन म्हनलं मघाशी?" झालं. व्याही एसटीनं नगरला गेले, रिकाम्या हातानं दिवसभर उन्हात उभे राहिले, दुसऱ्यांच्या नेमाला टाळ्या वाजवल्या आणि संध्याकाळी परत आले. वर आमच्याकडे वाटेत उतरून मला सांगतात, "काय झ्याक मारली ओ पोरांनी!" मी म्हणालो, "अहो, तुम्हाला राग नाही आला?" म्हणाले, "आला की. तवा आनखी येक दिवस किल्ली न्हाई."

पंचक्रोशीत कुणाला बंदुकीचा परवाना काढायचा असला, नवी घ्यायची असली, की तो यांच्या ओट्यावर. राहात्याचा एक प्लॉटवाला एकदा माझ्या देखत आला होता. गळ्यात बोटाएवढी साखळी, हातात दोन मोबाईल. त्याला कमरेला लावायला रिव्हॉल्व्हर पाहिजे होतं. कोणतं घ्यावं, आखूड नळीचं की लांब, कसं शोभेल, विचारत होता. व्याह्यांनी पाऊण तास पुसून झाल्यावर तोंड उघडलं.

"कुनाची भ्या वाटती तुमाला?"

"भीती? मला?" प्लॉटवाला हसला. "मी कुनाला भितो होय? जरा वट ऱ्हाते, एवढंच."

"मंग असं करा, येक कुत्रं पाळा. चांगलं दांडगं. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवा. वट बी ऱ्हाईल आन् पोटाचा घेर बी उतरंल. रिव्हॉल्व्हर मानसाला अंगाला लावून फिरायला लई जड असतं."

"जड? किलोभर तर असंल."

"त्येच म्हनतोय मी," व्याही म्हणाले आणि त्याला चहा दिला.

प्लॉटवाला तणतणत गेला. मी मनात म्हटलं, चला, माझ्या पंगतीला आणखी एक.

पण खरं सांगतो, कारण खोटं सांगायची मला सवय नाही. देवळाली प्रवऱ्याची एक शिक्षिका यायची, एअर रायफलची नेमबाजी शिकणारी. तिला कोणती रायफल घ्यावी कळत नव्हतं. तिच्यापायी या माणसानं अख्खा दिवस घालवला. तिला टिकावाचा दांडा खांद्याला लावून उभं केलं, मान किती झुकते ते पाहिलं, डावा डोळा जोरात मिटते म्हणून कपाळाला कागदाचा तुकडा चिकटवून तो डोळा उघडा ठेवायला शिकवलं. "हत्यार आपल्याला शोभतं का बघायचं नसतं, पोरी. आपन हत्याराला शोभतो का बघायचं," म्हणाले. ती पोरगी चार वेळा पाऊण तास बसली आणि चारही वेळा बिनसाखरेचा चहा हसत प्याली. मला तिचाही राग आला होता.

आणि त्यांना नेम धरताना पाहणं म्हणजे... जाऊ द्या, सांगूनच टाकतो. रविवारी उजाडताना त्यांच्या शेताच्या टोकाला, मागे उंच मातीचा बांध बघून, ते बाभळीला वाळके दुधी भोपळे टांगायचे. दुनाळी खांद्याला गेली की त्यांचं वय उतरायचं. श्वास अर्धा सोडून थांबायचे. चापावरचं बोट हलताना दिसायचंच नाही. ठो! भोपळ्याच्या बिया गव्हात उडायच्या, तेलाचा आणि दारूचा वास यायचा, आणि हा माणूस वळून माझ्याकडे बघून असा हसायचा, जणू त्यानं मला काहीतरी दिलंय. हात मात्र लावू द्यायचा नाही! मी तिथं भोपळे टांगायचं काम करायचो. कारखान्याचा निवृत्त काटा-सुपरवायझर!

शिकारीचं तर विचारूच नका. शिकारीला कायद्यानं बंदी. व्याही कायदा पाळणारे. पण वडिलांबरोबर लहानपणी शिकारीला गेलेला माणूस. पाय घरात ठरेनात. म्हणून ते बिनबंदुकीची शिकार करायचे. पहाटे उठून माळावर जायचं, वारा बघायचा, तितराचा माग काढायचा, पोटावर सरपटत दहा पावलांवर जायचं, हातातली काठी खांद्याला लावायची आणि तोंडानं हळूच म्हणायचं, "ठो." झाली शिकार. मला एकदा नेलं. मी पांढरी पॅन्ट घालून गेलो होतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं की व्याह्यांबरोबर फिरायला जायचं म्हणजे सराट्यांतून रांगायचं असतं. अर्धा तास रांगलो. गुडघे सोलले. शेवटी ते कुजबुजले, "ठो. मेला."

"कोण मेला?"

"तित्तर."

समोरचा तितर आमच्याकडे बघून निवांत चोच पुसत होता. मी जो ओरडलो, त्यानं तितर काय, माळावरच्या शेळ्यासुद्धा उधळल्या. व्याही कपडे झटकत उठले. "आता मातुर खरंच मारला तुमी त्याला. हबकीनं."

निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. आमच्याकडे कुठली ना कुठली निवडणूक असतेच. व्याही विहीणबाईंच्या जुन्या लुगड्यात बंदूक गुंडाळून ठाण्यात द्यायचे आणि निकाल लागेपर्यंत दर दोन दिवसांनी तेलाची बाटली घेऊन तिथं हजर. हवालदार वैतागायचा. "काका, गंज न्हाई चढत येवढ्यात, जा घरी." एकदा तिथून परत येताना ते माझ्याकडे थांबले. चेहरा एवढासा झालेला. म्हणाले, "पाव्हनं, तुमची लेक आमच्या घरी, आमची ही त्यांच्या घरी. तुमी कसं ऱ्हाता ओ?" माझी एकुलती एक लेक, आणि हा माणूस तिची बरोबरी लोखंडाशी करतो! मी दोन तास बडबडलो. ते ऐकत बसले. जाताना म्हणाले, "न्हाई, पन कसं ऱ्हाता?" त्या दिवशी मी जेवलो नाही. रागानं नाही जेवलो, असं मी बायकोला सांगितलं.

मग विहीणबाई गेल्या. आजारपणातच त्यांनी किल्ली माझ्या लेकीच्या कमरेला अडकवली होती. व्याह्यांची सत्तरी उलटली, उजव्या हाताला कंप सुटला, भोपळे शाबूत राहायला लागले. सत्तरीनंतर परवाना वारसाच्या नावावर करता येतो. व्याह्यांनी फॉर्म आणला आणि वारस म्हणून लिहिलं सुनेचं नाव. पोटच्या मुलाचं नाही, सुनेचं!

जावयाचा मला फोन. आमचे जावई तसे लोण्यासारखे, पण तापले की भांडं उतू गेलंच म्हणून समजा. "बापूंनी गावात तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाई मला," म्हणत होते. मागून लेक रडत होती. माझं डोकं असं सणकलं! बंदुकीपायी या म्हाताऱ्यानं माझ्या लेकीच्या संसारात काडी टाकली. मी तसाच निघालो, पुणतांब्यात पोचलो आणि अंगणातूनच सुरू झालो. अकरा वर्षांचं सगळं काढलं. चहा काढला, सराटे काढले, भोपळे काढले. "तुमचं लोखंड घाला गोदावरीत! माझ्या लेकीचं घर मोडलं तर याद राखा!" शेजारची माणसं कुंपणाशी जमली. व्याही ऐकत राहिले. मी दमल्यावर ते आत गेले आणि एक डबी घेऊन आले. माझ्या तळहातावर त्यांनी एक जुनं काडतूस ठेवलं.

"बूड बघा त्याचं."

पितळी बुडाच्या मधोमध टोपीवर एक खड्डा होता. नखाएवढाही नाही.

"पंचवीस वर्षांचा हुतो," ते हळू आवाजात म्हणाले. "हिरीच्या पान्याची पाळी. माझी पाळी धाकल्यानं घेतली. सकाळी भांडन झालं, दुपारी म्या बंदूक घेऊन गेल्तो. धाकला मोटरीवर वाकला हुता. पाठ माझ्याकडं. म्या चाप ओढला, पाव्हनं. घोडा पडला. त्यो खड्डा त्याचाच हाय. पावसाळ्यात काडतूस दमट झाल्तं, बार उडाला न्हाई. मोटरीच्या आवाजात त्याला काय ऐकू बी आलं न्हाई. त्यानं वळून बघितलं आन् म्हनला, दादा, भाकर आनली का?"

त्यांचा तो धाकटा भाऊ रोज संध्याकाळी या ओट्यावर चहाला येतो. मी त्याच्याबरोबर शंभरदा बसलोय. साखर घालून पितो तो.

"फकस्त बायकूला सांगितलं हुतं. तिनं त्या दिवशी किल्ली काढून घेतली." व्याह्यांनी काडतूस परत घेतलं. "सुनबाईला राग येतो, तुमचीच लेक हाय. पन गेल्या साली मक्यात डुकरं शिरली, मी किल्ली मागितली, तर म्हनली, मामा, आज ह्यांच्याशी भांडले मी, माझंच डोकं ठिकान्यावर न्हाई. किल्ली धाकल्या काकूंकडं ठिवून आलेय. सोताचा राग वळखनारं मानूस घरात येकच हाय. माझं पोरगं चांगलं हाय. मी बी चांगलाच हुतो."

मी आवाज खाली आणून म्हणालो, "पण घरात किल्ली राहिली तर जावई तिच्याकडून हिसकावून घेतील."

"म्हनून तर किल्ली तुमच्याकडं ठिवायची."

"माझ्याकडं? अहो, मला तुम्ही अकरा वर्षं हात लावू दिला नाही!"

"त्येच्यासाठीच की. पुनतांब्यावरनं राहात्याला यायचं, तुमच्या दारात हुबं ऱ्हायचं, आन् किल्ली मागायची म्हंजी आदी तुमचं सगळं ऐकून घ्यायचं. येवढं ऐकन्यापरीस मानूस राग गिळून घरी जाईल." आणि हसले. तसेच, बाभळीखाली हसायचे तसे.

त्यानंतर वर्षभरानं ते गेले. झोपेत, कुणाला काही न सांगता. परवाना लेकीच्या नावावर झाला होता. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात. डुकरांसाठी लेकीनं सौर कुंपण घालून घेतलंय. दर पंधरा दिवसांनी ती येते, किल्ली घेते, बंदूक पुसते आणि दुसऱ्या दिवशी किल्ली परत आणून देते.

गेल्या महिन्यात भर दुपारी जावयाची मोटरसायकल दारात आली. स्टँडही नीट लावला नाही, गाडी पडली. चेहरा लाल. "आप्पा, किल्ली द्या. मक्यात डुकरं आलीत."

सौर कुंपण, आणि भर दुपारी डुकरं. मी विचारलं, "पाणी कुणाच्या पाळीचं आहे आज?"

ते एकदम फुटले. "चुलतभावानं व्हॉल्व्ह फिरवला, आप्पा. वर आईवरनं शिवी दिली. तुमी किल्ली द्या फक्त."

मी खिशातली किल्ली घट्ट धरली. तोंड सवयीनं सुरू झालं. "बसा. आधी ती गाडी उचला. गाडी अशी लावतात? बसा म्हणतो ना!" आणि मी सुरू केलं. गाडीवरून टायरवर गेलो, टायरवरून त्यांच्या ड्रायव्हिंगवर, तिथून लग्नातल्या बँडवर. जावई दोनदा उठले, दोनदा मी गरजून खाली बसवले. मग आत जाऊन स्वतः चहा टाकला. घाईत निम्मा बशीत सांडला. जावयांनी घोट घेतला आणि थांबले. कपात बघत राहिले.

"साखर न्हाई यात," म्हणाले.

"नाही."

त्यांनी डोळे पुसले. "बापू असाच द्यायचे." उरलेला चहा त्यांनी सावकाश संपवला, गाडी उचलली आणि किल्लीचं नाव न काढता गेले. संध्याकाळी लेकीचा फोन आला. धाकटे चुलते आणि जावई दोघं मिळून विहिरीवर व्हॉल्व्ह बसवताहेत, म्हणाली.

अकरा वर्षांत त्या दुनाळीला माझं बोटही लागलं नाही. आता किल्ली माझ्याकडे आहे, उद्या जाऊन पेटी उघडली तर अडवणारं कुणी नाही. पण त्या दुपारी जावई गेल्यावर मी ओट्यावर बसलो, खिशातली किल्ली मुठीत धरली आणि व्याह्यांवर रागवायचा खूप प्रयत्न केला. सराटे आठवले, भोपळे आठवले, तो तितर आठवला. काही केल्या राग येईना. हा माणूस मला एवढंसुद्धा मागे ठेवून गेला नाही, याचाच काय तो मग थोडासा आला.